अंगठ्याएवढी जागा

घड तळहातावर घेतला आणि अंगठ्यानं एक मणी पुसला. केलं ते एवढंच. द्राक्षावर पांढुरकी साय असते ना, ती. मला वाटलं औषध असणार, आणि मनातलं तोंडावाटे बाहेरही पडलं, "भाऊ, ही फवारणीची पावडर का हो?" भाऊ दोन ओळी सोडून पलीकडे आमच्या बाकीच्या मंडळींना काहीतरी सांगत होते. ते लगेच आले. माझ्या हाताला स्पर्श न करता त्यांनी घडाखाली आपला तळवा धरला, कुणाच्या कडेवरचं झोपलेलं मूल आपल्याकडे घेताना धरतात तसा, आणि म्हणाले, "ताई, देठाला धरा. मण्यांना हात नाही लावायचा. लस्टर जातं." मी पाहिलं तर अख्खा घड धुकट हिरवा होता आणि माझा अंगठा फिरला तेवढीच जागा काचेसारखी चकचकत होती. आजूबाजूच्या तीन-चार मण्यांवर बोटांचे ठसे. भाऊंनी खिशातून कात्री काढली, देठ कापला आणि घड माझ्या हातात दिला. "असू द्या. आता हा तुमचाच."

सगळे "वा, वा" म्हणाले. भाचीनं माझा घडासकट फोटो काढला. त्या फोटोत मी हसते आहे, पण माझी बोटं घडाभोवती अशी अवघडून वळली आहेत की नीट पाहणाऱ्याच्या लक्षात यावं, हिला हे कसं धरायचं ते कळत नाहीये.

फेब्रुवारीतला रविवार होता. आमच्या इमारतीतली चार घरं, पुण्याहून आलेली भाची, दोन गाड्या. नाशिकला राहणाऱ्यांच्या घरी पाहुणे आले की त्र्यंबक, पंचवटी, मिसळ हे झाल्यावर तिसऱ्या दिवशी प्रश्न येतोच, "द्राक्षाची बाग दाखवा ना." पहाटे निघून आधी नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य गाठलं. चापडगावच्या बाजूनं पाण्याकडे चालत गेलो तेव्हा गोदावरीवर वाफ उभी होती आणि नाकाचा शेंडा बधिर झाला होता. चक्रवाकांच्या जोड्या, थापट्यांचे थवे, वेलींमधून लाल चोच मिरवत चालणारी जांभळी पाणकोंबडी. राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, 2020 मध्ये इथं जाहीर झालं तेव्हा आम्हा नाशिककरांना अगदी घरातलं कुणी पहिलं आल्यासारखं वाटलं होतं. पण त्या दिवशीचे पक्षी मला आता फारसे आठवत नाहीत. नऊच्या सुमारास सायखेड्याच्या रस्त्यानं बागेकडे वळलो आणि पुढचं सगळं त्या अंगठ्यापाशी येऊन थांबतं.

बाग बाणगंगेच्या काठी, कसबे सुकेण्याच्या अलीकडे. यांच्या ऑफिसातल्या एका स्नेह्यांच्या चुलतभावाची, म्हणजे भाऊंची. रस्त्यावरून बाग दिसतच नाही, दिसतात साड्या. कडेच्या ओळींना ऊन, धूळ लागू नये म्हणून जुन्या साड्या आडव्या ताणून बांधलेल्या असतात. त्यातली एखादी लग्नातली असावी, विटलेल्या जरीची. ती साडी बाजूला करून वाकून आत शिरलं की दुसराच उजेड. डोक्यावर पानांचं छत, त्यातून गाळून आलेला हिरवा प्रकाश, आणि गारवा, बाहेरच्यासारखा बोचरा नाही, माठाजवळ बसल्यासारखा. पायाखाली वाळकी पानं चुरचुरतात. ठिबकच्या नळीखाली तेवढीच ओल, तिचा मातीचा वास आणि त्यात मिसळलेला गंधकाचा एक पुसट वास. घड डोळ्यांच्या उंचीवर, जिकडे बघावं तिकडे, आणि बरेचसे वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेले. थंडी आणि ऊन दोन्ही एकदम लागलं तर पांढऱ्या मालावर गुलाबी छटा येते, पिंक बेरी म्हणतात, मग तो माल मार खातो. म्हणून कागद. मी उभ्या उभ्या कुठल्याशा निवडणुकीची बातमी वाचली, शेजारच्या घडावर एक वधू पाहिजे होती, त्याच्या पलीकडे सोन्याचा भाव. एकेका घडाला कुणीतरी हातानं कागद गुंडाळून पिन मारली होती. एकरात हजाराच्या आसपास वेली आणि एका वेलीवर पंचवीस-तीस घड. मी मनात गुणाकार करायला घेतला आणि सोडून दिला.

बागेशी माझी पहिली ओळख याच गावाच्या शिवारातली आहे, म्हणून तर हात इतक्या सहज पुढे गेला असेल. वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. त्यांचे एक मित्र सुकेण्याचे. वर्षातून एकदा, परीक्षेच्या आधीच्या एखाद्या रविवारी, आम्ही पॅसेंजरनं निघायचो. ओढा, खेरवाडी, की आलंच सुकेणे. स्टेशनात उतरलं की बैलगाडी नाहीतर पायपीट. तेव्हाची द्राक्षं आठवतात ती मोठ्या मण्यांची, अनाबेशाही, मध्ये बी असलेली, साल जाड आणि आत पाणीच पाणी. ओझरला रावसाहेब गायकवाडांनी 1925 साली बाग लावली आणि तिथून हे पीक तालुक्यात पसरलं, असं वडील दर वेळी गाडी सुटली की सांगायचे, जसं काही मागच्या वर्षी सांगितलंच नाही. त्या बागेत आम्हा मुलांना कुणी अडवत नसे. मांडवाखाली उताणं पडायचं आणि तोंडानंच घडाचं टोक पकडायचं. काकांची एकच अट होती, "पोट फुटेस्तोवर खा, पण तोडून टाकू नका." परतताना लाकडी खोक्यात गवत घालून वर द्राक्षं रचलेली असायची, आणि पूर्ण प्रवासभर ते खोकं वडिलांच्या मांडीवर. त्यांनी ते कधी खाली ठेवलं नाही. त्या वयात मला वाटायचं, खोकं चोरीला जाईल म्हणून.

बागेतली ती साय म्हणजे औषध नव्हे. तो मण्याचा स्वतःचा मेणाचा थर, वेलच तो घालते. मण्यातलं पाणी उडू नये, साल सुरकुतू नये म्हणून. भाऊंनी मला हे सगळं नंतर चहाच्या वेळी सांगितलं, आणि सांगताना एकदाही "तुम्ही" म्हणाले नाहीत, "लोकांना वाटतं" असं म्हणत राहिले. लोकांना वाटतं पावडर आहे. लोक रुमालानं पुसतात. ती एकदा पुसली की पुन्हा येत नाही, आणि पॅकहाऊसमध्ये तसा घड आला की तो बाजूला पडतो. सातासमुद्रापार जायचंय त्याला, तिथल्या दुकानात उघडल्यावर तो आत्ताच कापल्यासारखा दिसला पाहिजे. न्हावाशेवाहून कंटेनर निघाला की पूर्वी तीनेक आठवड्यांत युरोप गाठायचा, तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांनंतर जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली आणि तो प्रवास आणखी लांबला. म्हणजे इथं सुकेण्याच्या शिवारात माझा अंगठा लागू न देण्याचा आणि तिथं चाललेल्या युद्धाचा असा संबंध. भाऊ हे अगदी साधेपणानं सांगत होते. औषधाचंही सांगितलं. काढणीच्या आधी ठरलेले दिवस फवारणी बंद, मग मालाचा नमुना लॅबला, रिपोर्ट हातात आल्याशिवाय वेलीला कात्री लागत नाही. "तुमच्या शहरात येणारी मेथी कुणी तपासत नाही ताई, हे मात्र सगळं तपासून जातं." मेथी आम्ही आदल्याच दिवशी खाल्ली होती.

मला लागलं ते हे, की माझा पहिला प्रश्न विषाचा होता. पाहुणी म्हणून गेले, सावलीत उभी राहिले आणि पहिली शंका माझ्या तोंडात काय जाईल याची.

आमच्या शेजारच्या ओळीत काढणी चालू होती. पंधरा-वीस बाया आणि काही पुरुष, पेठ-सुरगाण्याकडून आलेली टोळी. भाताचं आटोपलं की ही माणसं इकडे उतरतात ती थेट होळीपर्यंत. डोक्याला टोपी, हातात मोजे, कमरेला कात्री. त्यातली एक मुलगी, विशीचीही नसेल, माझ्या अगदी समोर काम करत होती आणि मी घड हातात धरून तिच्याकडे बघत राहिले. डाव्या हाताच्या दोन बोटांत देठ. उजव्या हातानं कागदाची पिन काढली, कागद सोडला, घड उजेडाकडे एकदा फिरवला. कुठंतरी आत एक मणी तडकलेला होता, मला तो दिसलाही नाही, तिनं कात्रीचं टोक आत घालून तेवढाच काढला, बाकी एकाही मण्याला पात्याचा स्पर्श न होता. मग देठ कापून घड क्रेटमध्ये टेकवला. ठेवला नाही म्हणणार मी, टेकवला. एका घडाला जेमतेम दहा सेकंद. ओळीच्या टोकाला मांडवाच्या लोखंडी अँगलला साडीची झोळी बांधली होती आणि तिच्यातून एक इवलं पाऊल बाहेर आलं होतं. मधूनच ती मुलगी हात न थांबवता त्या दिशेनं काहीतरी त्यांच्या कोकणा बोलीत म्हणायची आणि पाऊल हलायचं थांबायचं.

ऑक्टोबर छाटणीनंतर काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, एकसारखे फुटावेत म्हणून काडीच्या एकेका डोळ्याला पेस्ट लावतात, तीही हीच माणसं लावतात. ते रसायन कातडीला झोंबतं, मोजा फाटका असला तर बोटं सोलतात. हे वहिनींनी सांगितलं, मला चुलीजवळ बसवून, बाजरीची भाकरी थापता थापता. त्यांचेही हात सोलले होते एका वर्षी, टोळी वेळेवर आली नाही म्हणून घरच्यांनीच पेस्टिंग केलं तेव्हा. त्यांनी तळवा उघडून दाखवला. आता तिथं काही दिसत नव्हतं, तव्याचे चटके तेवढे होते. औषधाविषयी विचारायचंच होतं तर ते मी इथं, या हातांकडे बघून विचारायला हवं होतं.

जेवण काय सांगू. वांग्याची भाजी, ठेचा, भाकरी, कांद्याची पात, वाटीभर दही. पंगतीत भाऊंचे वडील आण्णा होते. पंचाहत्तरीच्या पुढचे, पांढरी टोपी, कमी बोलणारे. भाचीनं त्यांना उत्साहानं विचारलं, "आजोबा, तुमचं किती मस्त ना, रोज इथंच राहता!" ते तिच्याकडे बघून छान हसले. मग बऱ्याच वेळानं, हात धुताना, माझ्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "तेवीस सालच्या नोव्हेंबरात हितं पान नव्हतं." 26 नोव्हेंबर 2023, रविवारच होता तो. निफाड तालुक्यात गारा पडल्या त्या दिवशी मी कॉलेज रोडच्या घरात खिडकीशी उभी राहून वाऱ्यापावसाचा व्हिडिओ काढला होता आणि बहिणीला पाठवला होता. "बघ आमच्याकडे कसलं वातावरण," असं लिहून. आण्णा सांगत होते, मणी तेव्हा ज्वारीएवढा होता. आधी आवाज आला, पत्र्यावर खडी ओतावी तसा. पुतण्या बाहेर पळायला निघाला तर त्यांनीच त्याला धरून ठेवलं, बाहेर जाऊन करणार काय. थांबल्यावर सगळे बागेत गेले. छत उरलं नव्हतं. पानं, घड, कोवळ्या शेंड्यांचा चिखल झाला होता आणि वर मोकळं आभाळ दिसत होतं. "बागेत उभं राहून आभाळ दिसलं की माणसाला कळतं," एवढं बोलून ते थांबले आणि पंचानं हात पुसायला लागले.

त्या वर्षीचं कर्ज अजून चालू आहे, हे भाऊंनी गाडीपर्यंत पोचवायला येताना सांगितलं. त्याच्या आधल्या एका वर्षी माल चांगला होता तर व्यापारी अर्धे पैसे देऊन नाहीसा झाला होता. हे सांगतानाही त्यांच्या हातात आमच्यासाठी भरलेली पेटी होती. पैसे घेईनात. शेवटी यांनी डॅशबोर्डवरचं पाकीट वहिनींच्या मुलाच्या खिशात कोंबलं, त्यानं ते आईकडे दिलं, आईनं परत गाडीत टाकलं, असं तीनदा झालं. शेवटी कुणाकडे राहिलं ते मला घरी येईपर्यंत कळलं नाही. आमच्याकडेच राहिलं होतं.

परतताना गाडीत सगळे पेंगत होते. पेटी डिकीत होती आणि माझा घड माझ्या मांडीवर, वर्तमानपत्रात. खेरवाडीच्या फाटकाशी गाडी थांबली, मालगाडी जाईपर्यंत बराच वेळ, आणि तेव्हा मला मांडीवरचं लाकडी खोकं आठवलं. वडील ते खाली का ठेवत नव्हते ते. गाडीच्या हिसक्यांनी मणी घासू नयेत म्हणून. एवढी साधी गोष्ट. प्रेसमध्ये कोऱ्या कागदावर बोटाचा डाग पडू न देण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, त्यांना कुणी देठाला धरायला सांगावं लागलं नसेल. ते जाऊन अकरा वर्षं झाली.

घरी आल्यावर पेटीतली द्राक्षं वाटली. शेजारी, कामाच्या मावशी, वॉचमन काका. पेटी दोन दिवसांत संपली आणि द्राक्षं खरोखर अमृत होती. तो घड मात्र मी पितळी ताटलीत ठेवून फ्रिजच्या वरच्या खणात सरकवला आणि कुणाला खाऊ दिला नाही. का, ते घरातल्यांना सांगता आलं नाही. रोज दार उघडलं की बघायची. चार दिवसांनी फरक दिसायला लागला. धुकट मणी होते तसे टपोरे होते. पुसलेला मणी आणि त्याच्या शेजारचे तीन-चार, यांच्या देठाजवळ बारीक सुरकुती पडायला लागली होती, आधी एक, मग तिला फुटलेल्या दोन. आठव्या दिवशी तो मणी मऊ पडला. माझ्याच अंगठ्याच्या आकाराची ती जागा घडावर वेगळी काढता येत होती. मी शेवटी घड खाल्ला, एकटीनं, दुपारी, ओट्याशी उभं राहून. तो मणीसुद्धा. तो बाकीच्यांपेक्षा गोड होता, हे खरं सांगायला हवं, आणि त्यामुळे मला अजिबात बरं वाटलं नाही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात मी पुन्हा गेले. या वेळी कुणाला बरोबर घेतलं नाही. फोन केला तर वहिनी दोनदा म्हणाल्या, "ताई, आत्ता काय बघणार? आत्ता बागेत काही नसतं." नाशिकहून कुणी मेमध्ये द्राक्षाची बाग बघायला जात नाही, हे मला त्या फोनवर पहिल्यांदा लक्षात आलं. चाळीस वर्षांत मी बाग पाहिली ती कायम पिकलेलीच. रस्त्यानं धूळ, चांदोरीच्या पुढे उसाच्या ट्रॅक्टरांनी उखडलेला डांबर, बाभळींवर उकाडा. कडेच्या साड्या काढून ठेवल्या होत्या, त्यामुळे बाग उघडी दिसत होती. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, वेलीवर ओलांडे, म्हणजे आडवे जुने फाटे, तेवढे राहतात, काळे, गाठाळ, वाती झालेल्या सालीचे. आता त्यांच्यावर नव्या काड्या आल्या होत्या, हिरव्या, पेन्सिलीएवढ्या जाड, शेंडे खुडलेल्या. एकही घड नाही. पहिल्या ओळीत भाऊ आणि आण्णा दोघंही होते.

भाऊंनी एक काडी हातात घेतली आणि पानाच्या बेचक्यातला डोळा दाखवला. तुरीच्या दाण्याएवढा, तपकिरी होऊ घातलेला. म्हणाले, पुढच्या फेब्रुवारीचा घड आत्ता याच्यात बसतोय. दिसत नाही, पण या दिवसांत आत ठरतं, घड की नुसती बाळी, म्हणजे रिकामा ताणा. ऊन पाहिजे त्याला. ढगाळ राहिलं, वळवाचा पाऊस रेंगाळला, की डोळा रिकामा जातो आणि ते ऑक्टोबरात छाटून फुटल्यावरच कळतं. तोवर खत, पाणी, मजुरी सगळं घालून झालेलं असतं. बोलताना ते पश्चिमेकडे बघत होते. तिकडे पांडवलेण्यांच्या बाजूला ढगांची एक राखाडी पट्टी धरली होती, फार मोठी नाही. आण्णाही तिकडेच बघत होते. मीही बघितलं. किती वेळ तसे उभे होतो सांगता येणार नाही, वहिनींनी चहासाठी हाक मारली तरी कुणी हललं नाही.

मग आण्णांचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी होते, माझं मला ठाऊक नव्हतं. त्यांनी ती काडी माझ्याकडे वाकवली.

"लावा की हात," ते म्हणाले. "आत्ता काही होत नाही त्याला."

मी अंगठा टेकवला. डोळा टणक होता, कोरडा, आणि उन्हानं तापलेला.